सुरतेच्या आकाशातील वाट

सुरत हे नाव कानी पडले की मराठी माणसाला प्रथम आठवते ते तेथील बंदर. सतराव्या शतकात मोगल साम्राज्याचा परदेशांशी चालणारा व्यापार मुख्यतः या बंदरातून होत असे, आणि १६६४ व १६७० साली शिवाजी महाराजांची दृष्टी या शहराकडे वळली ती तेथील अलोट संपत्तीमुळेच. परंतु या बंदराविषयीची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मोठी जहाजे शहराच्या धक्क्यापर्यंत पोहोचू शकत नसत. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे होते. त्यामुळे समुद्रातून आलेली मोठी जहाजे सुवाळीच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभी राहत आणि त्यांतील माल तेथून शहरात न्यावा लागे. पुढे नदीतील गाळ वाढत गेला, मोगल सत्ता खिळखिळी झाली, मुंबई पुढे आली, आणि १६८७ मध्ये इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले. सुरतेचे वैभव ओसरण्याची कारणे अनेक आहेत; पण त्यांतील एक धडा साधा आहे. धक्का कितीही भक्कम असला, तरी त्याच्याकडे येणारी वाट बुजली की बंदराचा उपयोग उरत नाही.

आज सुरतेस दुसरे एक बंदर आहे, आणि ते आकाशाचे आहे. शहराच्या नैऋत्येस, मगदल्ला गावाजवळ, डुमसच्या वाटेवर सुरतचा विमानतळ आहे. काही काळ बंद पडलेली तेथील नियमित विमानवाहतूक २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी येथून शारजाकडे पहिले परदेशी विमान निघाले. १७ डिसेंबर २०२३ रोजी नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले आणि त्याच सुमारास या विमानतळास आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हिऱ्यांना पैलू पाडणारे आणि कापड विणणारे हे शहर आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून पोटासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे उधना आणि लिंबायत या वस्त्यांतून राहतात. अशा शहरास विमानतळाची गरज किती आहे, हे निराळे सांगावयास नको. प्रश्न आहे तो त्याची वाट मोकळी ठेवण्याचा.

हा प्रश्न किती गंभीर आहे, याचा अनुभव या शहराने ६ नोव्हेंबर २०१४ रोजी घेतला. संध्याकाळची वेळ होती. दिल्लीस निघालेले बोईंग ७३७ जातीचे विमान उतारूंना घेऊन धावपट्टीवर वेगाने धावू लागले होते. इतक्यात काळोखातून एक म्हैस आडवी आली आणि विमानाची तिच्याशी टक्कर झाली. वैमानिकाने उड्डाण सोडून दिले. विमानाची हानी झाली. पण सुदैवाने कोणाही उतारूस इजा पोहोचली नाही. ती वार्ता देशभर पसरली आणि पुष्कळांनी ती हसण्यावारी नेली. परंतु विमान जमिनीपासून काही फूट वर गेल्यावर एखादे इंजिन निकामी झाले असते, तर काय घडले असते याचा विचार केला म्हणजे हसू ओठांवरच विरते. त्या कंपनीने यानंतर सुरतेहून होणारी आपली उड्डाणे थांबविली, आणि शहराची विमानसेवा पुष्कळ दिवस लंगडी झाली.

मग प्रश्न असा येतो की, विमानतळावर उंच मनोरा असतो, त्यात रात्रंदिवस माणसे बसलेली असतात, रडार असते, बिनतारी यंत्रे असतात. ही सर्व व्यवस्था असताना असे का व्हावे? याचे उत्तर समजण्यासाठी ही व्यवस्था काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे दोन्ही पाहिले पाहिजे.

हवाई वाहतुकीचे नियंत्रण ही कल्पना विमानाइतकी जुनी नाही. आरंभी आकाशात विमानेच इतकी थोडी होती की, वैमानिकाने इकडेतिकडे पाहून उतरावे, एवढे पुरे होत असे. अमेरिकेतील सेंट लुई शहराच्या विमानतळावर १९२९ च्या सुमारास आर्ची लीग नावाचा एक गृहस्थ मैदानाच्या टोकाशी उभा राहू लागला. त्याचे साहित्य म्हणजे एक हातगाडी, बसावयास खुर्ची, उन्हासाठी छत्री आणि दोन निशाणे. एक निशाण दाखविले की विमानाने यावे, दुसरे दाखविले की थांबावे. आज नियंत्रकाच्या हाती जी साधने आली आहेत, त्यांचे मूळ या दोन निशाणांत आहे. ‘आता ये’ आणि ‘आता थांब’ हे दोनच आदेश आजही त्याच्या कामाचे सार आहेत.

मात्र हे दोन आदेश देणे आता सोपे राहिलेले नाही. सुरतेहून दिल्लीस जाणाऱ्या विमानाचेच उदाहरण घेतले, तर ते निघण्यापूर्वीच त्याचा मार्ग, उंची, वेग आणि इंधन यांची माहिती नियंत्रण कचेरीकडे गेलेली असते. इंजिन सुरू करण्यास, उभ्या जागेवरून हलण्यास, धावपट्टीवर येण्यास आणि उड्डाण करण्यास प्रत्येक वेळी वेगळी परवानगी लागते. विमान वर गेले की, थोड्याच वेळात ते मनोऱ्याच्या ताब्यातून निघून पुढच्या नियंत्रकाकडे सोपविले जाते. देशाचे आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मुख्य विभागांत वाटलेले आहे. सुरतेवरील आकाश मुंबई विभागात मोडते. त्या विभागाची हद्द संपली की विमान दिल्ली विभागाच्या स्वाधीन होते. एका हाताने दिवा द्यावा आणि दुसऱ्याने तो घेतल्याची खात्री झाल्यावाचून पहिल्याने सोडू नये, असा हा प्रकार आहे. प्रवासात एक क्षणही असा नसतो की, ज्या वेळी त्या विमानाची जबाबदारी कोणाकडेच नाही.

या कामाचा पाया म्हणजे दोन विमानांतील अंतर. दोन विमाने एकाच मार्गाने जात असतील, तर त्यांच्यामध्ये खालीवर निदान १००० फुटांचे अंतर राखावे लागते. एकाच उंचीवर असतील, तर मागेपुढे काही मैलांचे अंतर असावे लागते. पूर्वी २९००० फुटांच्या वर हवा विरळ असल्याने उंचीमापकाचा भरवसा कमी धरीत आणि तेथे २००० फुटांचे अंतर ठेवीत. यंत्रे अधिक अचूक झाल्यावर भारतात २७ नोव्हेंबर २००३ पासून २९००० ते ४१००० फुटांच्या पट्ट्यातही १००० फुटांचे अंतर मान्य करण्यात आले. त्यामुळे त्याच आकाशात सहा नव्या वाटा निर्माण झाल्या. आकाश तेवढेच राहिले. मोजमाप सुधारल्याने त्यात जागा झाली.

या व्यवस्थेतील नियम मात्र पुस्तकात बसून सुचलेले नाहीत. त्यांतील पुष्कळ नियमांमागे माणसांचे प्राण गेलेले आहेत. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरिफ येथे दाट धुक्यात दोन प्रचंड बोईंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. एका वैमानिकास उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना ती मिळाली आहे, असा त्याचा समज झाला होता. तेव्हापासून उड्डाण हा शब्द नियंत्रक व वैमानिक यांच्या संभाषणात प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, एरवी दुसरा शब्द वापरावा, असा दंडक झाला. नियंत्रकाने दिलेला महत्त्वाचा आदेश वैमानिकाने जसाच्या तसा परत म्हणून दाखवावा आणि नियंत्रकाने तो कान देऊन ऐकावा, या रीतीवरही अधिक कटाक्ष आला. शाळेत गुरुजी मुलाकडून पाढा परत म्हणवून घेतात, त्यात मुलाचा अपमान नसतो. तसाच अनुभवी वैमानिकासही यात कमीपणा वाटत नाही.

आपल्या देशास असा धडा १२ नोव्हेंबर १९९६ रोजी मिळाला. हरियाणातील चरखी दादरी गावाच्या आकाशात सौदी अरेबियाचे दिल्लीहून निघालेले विमान आणि कझाकस्तानचे दिल्लीकडे येणारे विमान यांची टक्कर होऊन दोन्ही विमानांतील सर्वच्या सर्व ३४९ माणसे ठार झाली. एकास १४००० फुटांवर आणि दुसऱ्यास १५००० फुटांवर राहण्यास सांगितलेले होते. पण येणारे विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरले. येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांची वाट एकच होती, आणि त्या वेळचे दिल्लीचे रडार विमान कोठे आहे हे दाखवी, पण किती उंचीवर आहे हे दाखवीत नसे. या अपघातानंतर येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे करण्यात आले. विमानातील ट्रान्सपॉन्डर नावाच्या यंत्राकडून उंची विचारून घेणारे दुय्यम रडार वापरात आले. तसेच समोरून दुसरे विमान येत असल्यास वैमानिकास आपण होऊन सावध करणारे आणि एकास वर, दुसऱ्यास खाली जाण्यास सांगणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले.

त्यानंतरच्या काळात ही विद्या आणखी पुढे गेली आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो या दोन संस्थांनी मिळून ‘गगन’ नावाची योजना सिद्ध केली. उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थाननिश्चितीत काही मीटरांची चूक राहते. देशभर पसरलेली भूस्थानके ती चूक मोजतात, आणि दुरुस्ती पुन्हा उपग्रहामार्फत विमानास कळविली जाते. २०१५ पासून या योजनेच्या आधारे उंचीचेही अचूक मार्गदर्शन मिळू लागले. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगड येथे एक प्रवासी विमान याच पद्धतीने उतरविण्यात आले. लहान शहरांच्या विमानतळांना याचे महत्त्व विशेष आहे. कारण उतरण्यासाठी लागणारी खर्चिक यंत्रणा प्रत्येक ठिकाणी जमिनीवर उभारणे शक्य नसते. गर्दीच्या विमानतळाकडे निघालेल्या विमानास तेथे आकाशात घिरट्या घालावयास लावण्यापेक्षा, निघण्याच्या ठिकाणीच थोडा वेळ थांबविण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. सुरतेच्या उतारूस आपले विमान विनाकारण खोळंबले आहे असे वाटते, तेव्हा पुष्कळदा कारण शेकडो मैलांवर असते. आणि तो खोळंबा इंधनाची बचत करीत असतो.

इतके सर्व झाल्यावर असे वाटेल की, आता काळजीचे कारण उरलेले नाही. येथेच म्हशीची गोष्ट पुन्हा आठवली पाहिजे. नियंत्रकाची सत्ता विमानांवर चालते. ‘थांब’ म्हटले की ३०० उतारूंचे विमान थांबते. पण म्हशीस त्याची भाषा कळत नाही, पक्ष्यांचा थवा त्याची परवानगी मागत नाही, आणि एकदा उभी राहिलेली इमारत त्याच्या आदेशाने बाजूस सरकत नाही. या गोष्टी त्याच्या हाती नसून विमानतळाचे व्यवस्थापन, नगरपालिका आणि आसपास राहणारे नागरिक यांच्या हाती आहेत. गुरांसाठी भिंत हवी आणि भिंतीवर पहारा हवा. पक्षी जमतात ते उकिरड्यावर आणि उघड्या मांसावर. म्हणून १९३७ च्या विमान नियमांत विमानतळापासून १० किलोमीटरांच्या आत उघड्यावर जनावरे कापण्यास व घाण टाकण्यास मनाई करण्यात आली. समुद्रकाठच्या सुरतेस, जेथे खाडी आणि पाणथळ जमिनी जवळ आहेत, हा नियम अधिकच लागू पडतो.

परंतु म्हैस हाकलता येते, उकिरडा उचलता येतो. सर्वांत कठीण अडथळा इमारतींचा असतो. तो कसा उत्पन्न होतो, हे पाहण्यासाठी थोडे गणित केले पाहिजे.

सुरतेच्या धावपट्टीस एका टोकाकडून ०४ आणि दुसऱ्या टोकाकडून २२ असे क्रमांक आहेत. हे आकडे दिशेचे आहेत. २२ म्हणजे होकायंत्रावरील सुमारे २२० अंश, अर्थात नैऋत्य. विमान वाऱ्यास तोंड देऊन उतरते. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून विमान ईशान्येकडून, म्हणजे वेसू या शहराच्या नव्या वस्तीच्या बाजूने, समुद्राकडे तोंड करून उतरते. उतरताना ते साधारणपणे तीन अंशांचा उतार धरते. याचा अर्थ असा की, प्रत्येक किलोमीटर अंतरामागे ते सुमारे ५२ मीटर खाली येते. धुक्यात किंवा मुसळधार पावसात यंत्रांच्या भरवशावर उतरावयाचे असते, तेव्हा थोडी चूक होण्यास वाव ठेवलाच पाहिजे. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनी विमानाच्या वाटेखाली आणखी एक तिरपे काल्पनिक छत कल्पिलेले आहे. धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटर सोडल्यावर हे छत दर ५० मीटरांस १ मीटर या प्रमाणात वर चढत जाते. या छताच्या वर कोणतीही इमारत, झाड, पाण्याची टाकी वा खांब डोकावता कामा नये. धावपट्टीपासून एक किलोमीटरवर या छताची उंची जेमतेम १९ मीटर भरते, म्हणजे सहा मजल्यांच्या घराइतकी. तेथे दहा मजले चढविले, तर वरचे मजले आकाशातील वाटेवर बांधल्यासारखेच होतात.

सुरतेत नेमके हेच घडले. विमानतळाची धावपट्टी पूर्वी २२५० मीटर लांब होती. मोठी विमाने यावीत म्हणून ती २९०५ मीटरांपर्यंत वाढविण्यात आली. परंतु वेसूच्या बाजूस उंच इमारती उभ्या राहिल्या आणि मोजणीत त्यांपैकी काही मर्यादेबाहेर गेलेल्या आढळल्या. मग इमारत हलत नाही, तर धावपट्टीचा उंबरठाच मागे घ्यावा लागला. विमानाची चाके जेथून पुढे टेकण्यास परवानगी असते, त्या रेषेस उंबरठा म्हणतात. ही रेषा ६१५ मीटर आत सरकविण्यात आली. त्यामुळे ते तिरपे छत इमारतींच्या जागी सुमारे १२ मीटर, म्हणजे चार मजले, वर उचलले गेले, आणि विमानांची वाट सुरक्षित झाली. पण त्याची किंमत पाहण्यासारखी आहे. २९०५ मधून ६१५ वजा केले की उरतात २२९० मीटर. म्हणजे लोकांच्या पैशाने ६५५ मीटर धावपट्टी वाढविली, आणि शहराच्या बाजूने उतरणाऱ्या विमानास त्यांतील केवळ ४० मीटर लाभली. उड्डाणास त्या भागाचा उपयोग होतो. परंतु पावसाने निसरड्या झालेल्या धावपट्टीवर उतरताना वैमानिकास हवी असते ती पुढची लांबी.

हा वाद गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात कोणाचे किती चुकले, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. मात्र अशा प्रकरणांत सर्वांत मोठी झळ बहुधा त्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांना बसते, हे विसरता येणार नाही. त्यांनी आयुष्याची पुंजी खर्चून घर घेतलेले असते. मंजुरीचा शिक्का पाहिल्यावर आणखी काही पाहावयाचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मजला उतरवावा, तर निरपराध माणूस उघड्यावर येतो. तसाच राहू द्यावा, तर दररोज शेकडो उतारूंच्या सुरक्षिततेची कड कापली जाते. दोन्ही बाजूंस माणसेच आहेत. म्हणूनच हा प्रश्न पाया खणण्यापूर्वी सोडवावयाचा असतो, गच्ची बांधून झाल्यावर नव्हे.

त्यासाठी कायद्यात तरतूद नाही असे नाही. २०१५ साली केंद्र सरकारने इमारतींच्या उंचीसंबंधी स्वतंत्र नियम केले. विमानतळाच्या भोवतीच्या प्रदेशाचे रंगीत नकाशे तयार करण्यात आले, आणि कोणत्या रंगाच्या भागात किती उंचीपर्यंत बांधता येईल हे त्यांवर दाखविण्यात आले. ठरलेल्या मर्यादेपलीकडे बांधावयाचे असल्यास विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. दाखल्यासाठी दिलेले जागेचे अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची अचूक असली पाहिजे. त्यात थोडा फरक पडला, तरी सगळा हिशेब बिघडतो. घर घेणाऱ्याने जमिनीचा सातबारा आणि नगरपालिकेची मंजुरी पाहावी, त्याचप्रमाणे विमानतळाजवळच्या वस्तीत हा दाखलाही मागून पाहावा, आणि त्यातील उंची व प्रत्यक्ष मजले यांचा मेळ घालून घ्यावा. एवढी दक्षता पुष्कळ दुःख वाचवील.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेहून लंडनकडे निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले आणि विमानातील व जमिनीवरील मिळून २६० जणांचा अंत झाला. तो अपघात उंच इमारतीमुळे झालेला नव्हता. परंतु धावपट्टी आणि माणसांचे जेवणाचे ताट यांमध्ये किती थोडे अंतर उरलेले आहे, हे त्या दुपारी साऱ्या देशास दिसले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने विमानांच्या मार्गातील अडथळे दूर करण्यासंबंधीच्या नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला.

नियम कडक झाले, यंत्रे सूक्ष्म झाली, तरी शेवटी एक गोष्ट तशीच राहते. मनोऱ्यात बसलेला नियंत्रक विमानास वाट दाखवू शकतो. वाट निर्माण करणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. ती शहराने राखावयाची असते. तापीच्या मुखाशी गाळ साचला तो नदीने वाहून आणला होता, आणि त्यापुढे त्या काळच्या माणसांचे फारसे चालले नाही. आकाशाच्या वाटेत साचणारा गाळ मात्र विटा आणि सिमेंटचा आहे. तो एकेक मजल्याने चढतो, आणि प्रत्येक मजल्यावर कोणाची तरी सही असते. सुरतेने एक बंदर गमावलेले आहे. दुसरे राखावयाचे, तर ती सही करणाऱ्याने हात उचलण्यापूर्वी एकदा मान वर करून आकाशाकडे पाहिले पाहिजे.